आधी लेन्स, मग बॉडी

श्रोतेहो, नमस्कार. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चकती, ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो, हे छायाचित्रणाची हौस असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत हा मोठा सेन्सर लहानशा बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, बसवलेले कॅमेरे आले. बॅटरी आणि कार्ड धरून सोनीच्या २०२० मधल्या ए-सेव्हन-सीचे वजन ५०९ ग्रॅम आहे, २०२३ मधल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे ५१४, कॅननच्या आर-एटचे ४६१ आणि पॅनासोनिकच्या एस-नाइनचे ४८६ ग्रॅम. आपल्या नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानात यांपैकी एखादा हातात घेतला की माणूस हरखतो आणि लेन्सचे नंतर पाहू असे म्हणून पैसे मोजून मोकळा होतो. माझे सांगणे नेमके उलटे आहे: आधी लेन्स ठरवा, बॉडी नंतर ठरवा.

याचे कारण असे की बॉडी लहान झाली ती जुन्या कॅमेऱ्यांत लेन्समागे असणारा आरसा गेल्यामुळे, पण काचेला तसे लहान होता येत नाही. लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या फोकल लांबीला तिच्याच एफ आकड्याने भागले की प्रकाशाला किती रुंद वाट द्यावी लागते ते कळते. ४० मिलिमीटरच्या एफ २.५ लेन्सला ती १६ मिलिमीटर पुरते, तर ६०० मिलिमीटरला एफ ६.३ वर सुमारे ९५ मिलिमीटर लागते, आणि तेवढी काच पुढे बसवावीच लागते, मग मागे बॉडी कोणतीही असो.

हे आमच्या धरमपेठेतल्या एका काकाजींनी ज्या रीतीने पडताळून पाहिले, ती हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. काकाजी निवृत्त अभियंता. नातीचा तान्हा पोळा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांचा सण, इतवारीतली मारबत, म्हणजे रोगराई घालवण्यासाठी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, रामटेकचा गड आणि जमल्यास ताडोबाचा वाघ, असे सगळे त्यांना टिपायचे होते. त्यासाठी त्यांनी कागदावर यादी केली होती: सोनीची ती ५१४ ग्रॅमची बॉडी, तिच्यासोबत २४ ते ७० मिलिमीटरची एफ २.८ झूम आणि वाघासाठी २०० ते ६०० मिलिमीटरची मोठी झूम. त्यांच्या पुतणीने यादी वाचली आणि एवढेच विचारले, "काकाजी, हे सगळं उचलणार कोण?"

काकाजी अभियंता असल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही, मोजमाप काढले. काकूंच्या ओट्यावरचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, डब्यातली तुरीची डाळ घेतली आणि जुन्या धोतराच्या कापडाच्या तीन पुरचुंड्या बांधल्या. पहिलीत बॉडी आणि १७३ ग्रॅमची ४० मिलिमीटरची लेन्स, मिळून ६८७ ग्रॅम डाळ. दुसरीत बॉडी आणि ६९५ ग्रॅमची २४-७०, म्हणजे १,२०९ ग्रॅम. तिसरीत बॉडी आणि २,११५ ग्रॅमची २००-६००, म्हणजे दोन किलो ६२९ ग्रॅम. प्रत्येक पुरचुंडीला लेन्सच्या नावाची चिठ्ठी टाचली आणि सकाळच्या फुटाळा तलावाच्या फेरीला एकेक पुरचुंडी गळ्यात अडकवून ते निघू लागले. तिसरीच्या दिवशी ते परतताना रिक्षाने आले, असे काकू आजही सांगतात.

खरी परीक्षा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. पिवळी आणि काळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. काकाजी तिन्ही पुरचुंड्या पिशवीत घालून त्या गर्दीत उभे राहिले आणि एकेक काढून दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पाहू लागले, कारण तिथे फोटो काढायचा तर कॅमेरा लोकांच्या डोक्यांवरूनच धरावा लागतो. बंदोबस्तावरच्या हवालदाराची नजर गेली. त्याने पिशवी उघडायला लावली, चिठ्ठी वाचली, "दोनशे ते सहाशे", आणि विचारले, "हे काय घेऊन राहिले तुम्ही?" काकाजी म्हणाले, "लेन्स आहे." हवालदाराने गाठ सोडून पाहिली. "ही तर डाळ आहे." "हो, सध्या डाळच आहे," काकाजी म्हणाले, "झेपली तर लेन्स घेईन." "रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गजर चालू असताना तो हवालदार चिठ्ठी हातात धरून हसत होता, आणि त्याने स्वतः पहिली पुरचुंडी उचलून सांगितले, "काकाजी, हीच घ्या."

काकाजींनी तीच घेतली. डोक्यावर धरलेल्या हातांना पहिली पुरचुंडी जाणवलीच नव्हती, दुसरी थोड्याच वेळात थरथरू लागली होती आणि तिसरी उचलताना शेजाऱ्याची टोपी पडली होती. मारबतीत आणि नातीच्या लाकडी बैलाच्या मिरवणुकीत विषय हातभर अंतरावर असतो, तिथे ४० मिलिमीटर अगदी पुरेसे होतात. वाघासाठीची मोठी लेन्स ते ताडोबाला जाताना किरायाने आणतात, आणि वर्षाकाठी एखादी सफारी करणाऱ्या कोणालाही मी हेच सुचवीन. ज्याला दर महिन्याला जंगलात जायचे आहे, त्याने फुल-फ्रेमचा हट्टच सोडावा आणि एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा पाहावा, कारण त्या लहान सेन्सरवर तीच लेन्स दीडपट लांबचे दाखवते.

येथे माझे एक मत सांगतो. सगळ्यांना एफ १.४ किंवा एफ २.८ हवे असते ते बहुतेक वेळा मागचे धूसर करण्याच्या हौसेपायी. लग्नाआधीच्या त्या जोडप्यांच्या फोटोंत हल्ली मागे फुटाळा आहे की अंबाझरी, हेही ओळखू येत नाही. मग तलावावर जायचेच कशाला? त्या धूसरपणासाठी आपण काच, वजन आणि पैसे असे तिन्ही मोजतो, हे ध्यानात असू द्यावे.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी लेन्स. ती ठरली की बॉडीकडे वळावे आणि लहानपणासाठी तिच्यातून काय काढले आहे ते विचारावे. पॅनासोनिकच्या एस-नाइनला डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा नागपूरकराने हे पहिल्यांदा तपासावे. एस-नाइनमध्ये उघडझाप करणारे यांत्रिक शटरही नाही आणि त्यावर फ्लॅश चालत नाही. आर-एटमध्ये सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे संध्याकाळच्या प्रकाशात हात हलला तर ते लेन्सच्या भरवशावर सोडावे लागते. ए-सेव्हन-सीमध्ये ती सोय आहे, पण व्ह्यूफाइंडर बारीक आहे. चष्मा लावणाऱ्यांनी दुकानात चष्म्यासकट पाहावे. या चारही बॉडींत कार्डाची जागा एकच आहे, आणि लग्नाचे काम घेणाऱ्याला तेवढे चालणार नाही.

शेवटी माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडण्याची खाच; ती जुळली तरच लेन्स बसते. सोनीच्या माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या लेन्स भरपूर मिळतात. पॅनासोनिक, लायका आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंट सामायिक केले, त्यामुळे तिथेही निवड आहे. कॅननच्या फुल-फ्रेमसाठी बाहेरच्या कंपन्यांचे पर्याय कमी आहेत, पण कॅननची स्वतःची २८ मिलिमीटर एफ २.८ लेन्स फक्त १२० ग्रॅमची आहे, आणि ती आर-एटवर बसवली की सगळे मिळून ५८१ ग्रॅम होतात. एवढ्याशा वजनात फुल-फ्रेम हवे असणाऱ्याने ही जोडी अवश्य हाताळून पाहावी. नमस्कार.