कॅसेटची बुरशी आणि कुर्लीचे कवच

रसिकहो, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना मालवणात एवढी मंडळी देहभयपटांवरचे, म्हणजे माणसाचे शरीरच बिघडत, बदलत जाण्याची भीती दाखवणाऱ्या चित्रपटांवरचे, व्याख्यान ऐकायला येतील, असे मला खरोखर वाटले नव्हते. डेव्हिड क्रोनेनबर्ग या कॅनडाच्या दिग्दर्शकाचे दोन चित्रपट, १९८३ चा ‘व्हिडिओड्रोम’ आणि १९८६ चा ‘द फ्लाय’, मला आज शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहेत. दोन्हींचे चित्रीकरण टोरंटोतले, दोन्हींचे संगीत हॉवर्ड शोअर यांचे आणि दोन्हींत एका पुरुषाचे शरीर त्याच्या ताब्यातून सुटत जाते. वेगळेपण आहे ते त्या शरीराकडे कोण पाहते आहे यात.

‘व्हिडिओड्रोम’मधला मॅक्स रेन (जेम्स वूड्स) चावट आणि हिंसक कार्यक्रमांवर चालणारी एक छोटी टीव्ही वाहिनी चालवतो. छळाची दृश्ये दाखवणारे एक गूढ प्रक्षेपण त्याच्या हाती लागते. त्यातल्या संकेताने पाहणाऱ्याच्या मेंदूत गाठ वाढते आणि त्याला भास होऊ लागतात. मग कॅसेट श्वास घेते, टीव्हीचा पडदा ओठांसारखा फुगून बाहेर येतो, मॅक्सच्या पोटाला उभी चीर पडते आणि तिच्यात कॅसेट सरकवली जाते.

हे आपल्याकडच्या माणसाला फारसे परके वाटू नये. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर लागोपाठ तीन सिनेमे पाहण्याचा काळ ज्यांनी काढला आहे, त्यांना आठवत असेल, की आषाढ-श्रावणात कॅसेटची झडप उघडली की गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसायची. ती व्हीसीआरमधल्या फीत वाचणाऱ्या हेडला लागली की पडद्यावर मुंग्या, आणि मग कोणीतरी जुन्या धोतराच्या चिंधीला स्पिरिट लावून हेड पुसत बसायचा. प्लॅस्टिकच्या डबीत काहीतरी जिवंत वाढू शकते, हे कोकणाला क्रोनेनबर्गने शिकवायला नको होते.

श्वास घेणारी कॅसेट आणि पोटाची चीर ही रंगभूषाकार रिक बेकर यांची करामत आजही अंगावर येते. पण चित्रपट मॅक्सच्या नजरेला इतका चिकटून चालतो, की भास सुरू झाल्यावर खरे काय आणि खोटे काय हे सांगणारा बाहेरचा साक्षीदारच उरत नाही. भीती वाटते, कणव मात्र येत नाही. दिग्दर्शकाला ती नकोच होती, असे माझे मत आहे.

‘द फ्लाय’ जॉर्ज लँगेलान यांच्या १९५७ च्या कथेवर आधारलेला आहे. त्याच कथेवर १९५८ मध्ये निघालेल्या चित्रपटात शास्त्रज्ञाच्या धडावर एकदम माशीचे डोके येते. क्रोनेनबर्गने नेमके ते ‘एकदम’ काढून टाकले. सेथ ब्रंडल (जेफ गोल्डब्लम) पदार्थ एका कुपीतून दुसरीत पाठवणाऱ्या आपल्या यंत्रात स्वतः शिरतो, सोबत नकळत एक माशी जाते, आणि संगणक दोघांना जनुकांच्या पातळीवर एकजीव करून टाकतो. सुरुवातीला फक्त ताकद वाढते, कॉफीत चमच्यामागून चमचे साखर पडू लागते, पाठीवर राठ केस उगवतात. मग नखे सुटतात, दात पडतात. गळालेले अवयव तो औषधांच्या कपाटात जपून ठेवतो आणि त्याला स्वतःचे संग्रहालय म्हणतो. हा विनोद मला त्या सगळ्या स्रावांपेक्षा भयंकर वाटतो.

ओहोटीला खडपावर फिरताना कुर्लीचे टाकलेले कवच आपण पाहिले असेल. नांग्या, पाय सगळे जागच्या जागी, आत कुर्ली मात्र नाही. ती कुठल्याशा कपारीत मऊ होऊन बसलेली असते. शेवटी ब्रंडलची कातडी तुटून आतला कीटक बाहेर येतो, तेव्हा मला ते रिकामे कवच आठवते. ख्रिस वालास आणि स्टीफन डुपुई यांना या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले.

पण इथे पाहणारे कोणीतरी आहे. व्हेरोनिका (गीना डेव्हिस) पत्रकार म्हणून येते, प्रेमात पडते आणि शेवटपर्यंत परत परत येत राहते. ब्रंडलचा कान गळून पडतो तेव्हा ती किळस गिळून त्याला मिठी मारते. अनेकांनी त्या काळी या चित्रपटात एड्स पाहिला, क्रोनेनबर्ग स्वतः वार्धक्याविषयी बोलले; घरातल्या माणसाचे लांबलेले आजारपण ज्याने उशाशी बसून काढले आहे, त्याला ती मिठी कोणत्याही रूपकाशिवाय कळते.

दोन्ही चित्रपट बंदुकीवर संपतात. बंदरात भंगारात पडलेल्या एका बोटीवर मॅक्स आधी टीव्हीत स्वतःला गोळी झाडताना पाहतो आणि मग, पाहिलेलीच कृती बरहुकूम करत, हाताशी एकजीव झालेले पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावतो. आवाज होतो आणि पडदा काळा. ब्रंडलला शेवटी चाप ओढता येईल असा हातच उरलेला नसतो. तो सरपटत येतो, व्हेरोनिकाच्या हातातल्या बंदुकीची नळी स्वतःच्या डोक्याला टेकवतो आणि थांबतो. ती ‘नाही’ म्हणते, रडते, आणि मग गोळी झाडते. क्रोनेनबर्ग तिथे लगेच पडदा काळा करत नाही. गुडघ्यांवर कोसळून रडणारी ती आपल्याला दिसत राहते.