तीन चुका, मग उद्या

मित्रहो, ज्या कादंबरीवरच्या प्रतिक्रियांबद्दल मी आज बोलणार आहे, तिचं नाव मी सांगणार नाही. तुमच्यातल्या काहींची ती वाचायची राहिली असेल, आणि रहस्य आधीच फोडणाऱ्याला वाचक माफ करत नाहीत. २०११ साली लेव्हिट आणि ख्रिस्टेनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथा देऊन एक प्रयोग केला होता. शेवट आधी कळलेल्या वाचकांना त्या कथा उलट जास्तच आवडल्या. तरीपण मी नाव सांगत नाही. प्रयोग प्रयोगाच्या जागी, आणि शिव्या खायच्या त्या मलाच.

कथा थोडक्यात अशी. एका बाईचा नवरा बोट उलटून बुडतो. देह सापडत नाही. काही महिन्यांनी तो अपघात नसावा अशी शंका येते. शोधात मदत करायला नवऱ्याचा एक जुना मित्र येतो, तिचा जीव त्याच्यात गुंततो, आणि नेमका त्याच्यावरच संशय वळतो. म्हणजे प्रेमकथा, रहस्यकथा आणि शोककथा अशा तिन्ही एकाच बांधणीत. आमच्या वाचनगटात यावर दोन बैठका झाल्या आणि दुसऱ्या बैठकीत चक्क आवाज चढले.

खुनी कोण, यावरून नव्हे. तो बहुतेकांनी अर्ध्यातच ओळखला होता. भांडण झालं ते ‘इतक्या लवकर?’ या प्रश्नावरून. नायिका आठव्या महिन्यात त्या मित्राचा हात धरते. एक गृहस्थ म्हणाले, पटत नाही, अजून तिचं दुःख ताजं आहे. त्यांच्या शेजारी बसलेली तरुण मुलगी म्हणाली, मला तर कथा रेंगाळलेली वाटली, किती दिवस रडणार ती? एकच पुस्तक, एकच आठवा महिना. एकाला घाई झाली, दुसरीला उशीर.

शोक किती दिवस चालावा, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. लांबलेल्या शोकाला आता आजार म्हणून नाव मिळालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे; अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२च्या सूचीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. आमची नायिका बरोबर दोन्हींच्या मधे! अर्थात नुसते महिने मोजून निदान होत नाही, पण वाचक मात्र महिनेच मोजत होते. कुणी टप्पेही मोजले. ‘तिला राग आलाच नाही, तो टप्पा लेखिकेनं गाळला,’ ही तक्रार मी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतली. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेले ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटले, आणि आता कादंबरीतली पात्रंही त्यांच्या हजेरीपटावर आली आहेत.

मला स्ट्रोब आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेली कल्पना जास्त जवळची वाटते. माणूस शोकात एका जागी बसून नसतो. तो गेलेल्याकडे जातो आणि पुन्हा उरलेल्या जगण्याकडे येतो, असे हेलकावे चालू राहतात. या कादंबरीत एका प्रकरणात ती मित्राबरोबर हसते आणि पुढच्याच प्रकरणात नवऱ्याचा शर्ट धुवायचं टाळते. ‘पात्र सुसंगत नाही’ असं ज्यांनी म्हटलं, त्यांना मी हेच सांगितलं. त्यांना पटलं नाही. असो.

आता या कादंबरीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट. नवऱ्याचा लॅपटॉप बंद आहे, पासवर्ड तिला ठाऊक नाही. तीन वेळा चुकला की दुसऱ्या दिवसापर्यंत तो उघडतच नाही. रोज रात्री ती तीन शब्द टाकून बघते. त्याच्या शाळेचं नाव. दोघांनी पाळलेल्या मांजराचं नाव. एकदा स्वतःचंच नाव घालते आणि ते चुकतं, तेव्हा ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहते. एवढंच लिहिलंय. पुढे परिच्छेद संपतो.

रहस्याच्या वाटेनं आलेले वाचक इथे वैतागले. पहिल्याच दिवशी एखाद्या जाणकाराला का बोलावलं नाही? पुरावा आत पडून आहे! बरोबरच आहे त्यांचं. पण गटातल्या एक बाई, ज्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, एवढंच म्हणाल्या, ‘अहो, तिला उघडायचाच नव्हता तो.’ त्यानंतर काही क्षण कुणीच बोललं नाही.

इथे मला नाट्यशास्त्र आठवतं. करुण, म्हणजे शोकाचा रस, आणि विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातलं प्रेम, वरवर सारखेच दिसतात. अश्रू तेच, उसासे तेच, जागरणं तीच. भरतमुनी त्यांच्यातला फरक आशेवर ठरवतात. करुण निरपेक्ष, कारण तिथे भेटीची आशा उरलेली नसते. विप्रलंभ सापेक्ष, तिथे औत्सुक्य असतं, चिंता असते. आता बघा, औत्सुक्य हेच तर रहस्यकथेचं भांडवल. देह सापडलेला नाही तोवर ही कादंबरी विप्रलंभात चालते. वाचक पानं उलटतो, कारण नवरा परत येईल अशी फट लेखिकेनं ठेवली आहे. मग साधारण दोन तृतीयांशावर देह सापडतो. बहुतेकांचं मत पडलं की इथून कथेतला दम गेला. माझ्या मते कादंबरी खरी इथून सुरू होते. कारण देह सापडल्याच्या रात्रीही ती लॅपटॉप उघडून बसते आणि तीन शब्द टाकते. आदल्या रात्रीपर्यंत तो शोध होता. आज कृती तीच आहे, पण तिला शोध म्हणता येत नाही.

उरली प्रेमकथा. भीतीत जडलेलं प्रेम खरं कसं मानायचं, असा आक्षेप आला. आक्षेप जुनाच आहे. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा झुलत्या पुलाचा प्रयोग पुष्कळांनी ऐकलेला असतो. हलणाऱ्या उंच पुलावर भेटलेल्या मुलाखतकार तरुणीला पुरुषांनी नंतर जास्त संख्येनं फोन केले. स्थिर, बुटक्या पुलावरच्यांनी कमी. छातीतली धडधड कशाची, याची माणसाची गल्लत होते. लेखिकेलाही हे ठाऊक असावं, कारण धोका टळल्यावर ती दोघांना लगेच एकत्र आणत नाही. त्यांना एका कंटाळवाण्या दुपारी कागदपत्रं लावायला बसवते. ते प्रकरण अनेकांनी चाळून सोडलं. तुम्ही सोडू नका.

पासवर्डचं काय झालं? शेवटी ती लॅपटॉप तपास अधिकाऱ्यांच्या हवाली करते, ते तो उघडतात, पुरावा मिळतो. शब्द कोणता होता, ते मात्र कादंबरीत कुठेच येत नाही. तिनं विचारलंच नाही. यावर निम्मा गट चिडला, फसवणूक म्हणाला. त्या बाई म्हणाल्या, ‘मीही नसतं विचारलं.’

सगळ्यांत जास्त चिडले होते ते पहिले गृहस्थ, ‘इतक्या लवकर?’वाले. मागच्या आठवड्यात ते मला वाटेत थांबवून म्हणाले की त्यांनी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचली, तिनं टाकलेले सगळे चुकीचे शब्द वहीत उतरवून घेतले आणि आता पासवर्ड त्यांना कळला आहे. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो अजून माझ्या पर्समध्ये तसाच आहे. मी तो उघडलेला नाही.