फ्रिजमधली कुपी

पडद्यावर दिसणारी ही काचेची छोटी कुपी ऑक्सिटोसिनची आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही, तर रक्तस्राव आटोक्यात येत नाही आणि धडधाकट बाईसुद्धा काही तासांत दगावू शकते; अशा वेळी हेच इंजेक्शन काही मिनिटांत गर्भाशय आवळून आणते. औषध जुने आहे, स्वस्त आहे, आणि ते कसे द्यायचे हे प्रशिक्षित परिचारिकेला पाठ असते. मात्र ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते.

आरोग्य केंद्रात वीज सतत येत-जात राहिली, तर उन्हाळ्यात कुपीतल्या औषधाचा जोर हळूहळू ओसरतो. बाहेरून काहीच कळत नाही, कारण द्रव तसाच नितळ दिसतो आणि लेबलावरची मुदतही शिल्लक असते. लसींच्या बाबतीत निदान एक सोय आहे: अनेक कुप्यांवर वर्तुळात एक फिकट चौकोन छापलेला असतो, तो उष्णतेने गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाला पोहोचला की ती कुपी बाद करतात. ऑक्सिटोसिनवर सहसा अशी खूण नसते.

जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि अन्य संस्थांच्या २०२३ मधील अहवालानुसार, कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे १०० कोटी लोक ज्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, तिथे वीज एकतर नाही किंवा तिचा भरवसा नाही. पाहणीच्या तक्त्यात ‘वीजजोडणी आहे’ अशी नोंद होते खरी, पण ती वीज रात्री दोन वाजता असते का, याचा रकाना अनेकदा नसतोच; आणि बाळंतपणे काही घड्याळ पाहून होत नाहीत.

वीज गेली की पाण्याचा पंप थांबतो, हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र थांबते, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही थांबतो.

छतावर सौर पॅनेल बसवणे हा उपाय चांगलाच आहे. पण पॅनेल देणगीतून येते, उद्‌घाटनाची फीत कापली जाते आणि काही वर्षांनी बॅटरी निकामी झाली की ती बदलण्याची तरतूद कोणत्याच खर्चात सापडत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठीचे, उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे औषध २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, त्यामुळे फ्रिजची अडचण काहीशी हलकी होऊ शकते. टाके मात्र अजूनही मोबाईलच्या उजेडात घातले जातात, आणि तो मोबाईल बहुधा बाळंतिणीच्या सोबत आलेल्या बाईने धरलेला असतो.