डोकं शाबूत, छाती उघडी: पोपट स्वतःची पिसं का उपटतो?

[दृश्य: पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली राखाडी पिसं]

पिंजऱ्याखालची पिसं झाडून टाकण्याआधी त्यातली दोन-चार उचलून उजेडात धरायची. बरंच काही तिथेच कळतं.

या पिसाचं देठ कोरडं, रिकामं आहे. जुनं होऊन ते आपोआप गळलंय. ही नेहमीची पीसगळ. याचं देठ काळपट, आत रक्त आहे. म्हणजे वाढतं पीस ओढून काढलंय. आणि हे तिसरं मधेच तुटलेलं, कडा कुरतडलेल्या. उपटलेल्या पिसाच्या जागी साधारणपणे लगेच नवं उगवू लागतं. कुरतडलेल्याचा खुंट मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे उपाय लागू पडला तरी कुरतडणारा पक्षी कित्येक महिने तसाच दिसतो, आणि नेमके तेव्हाच लोक उपाय सोडतात.

[दृश्य: दांडीवर बसलेला आफ्रिकन ग्रे, म्हणजे आफ्रिकेतला राखाडी पोपट]

आता पक्षी पाहा. छाती आणि मांड्या उघड्या, डोकं मात्र भरलेलं. पोपटाची चोच त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. म्हणून डोकं शाबूत असेल तर हे काम त्याचंच. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर शंका दोन: पिंजऱ्यातला जोडीदार उपटतोय, किंवा आजार आहे. पिसं आणि चोच दोन्ही बिघडवणारा सर्कोव्हायरस त्यातला सगळ्यात वाईट. तो इतर पोपटांना लागतो, म्हणून तपासणी होईपर्यंत पक्षी वेगळ्या खोलीत ठेवायचा.

घराघरांत ऐकू येणारं निदान म्हणजे ‘त्याला टेन्शन आलंय’. ते खरंही असतं, पण ते शेवटी करायचं निदान आहे. आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडून रक्त, विष्ठा आणि गरज पडल्यास एक्स-रे. यकृताचा आजार, बुरशी, जंतुसंसर्ग यांतही पक्षी अंग कुरतडतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चोचीने सोलणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जस्त जातं, त्यातूनही हे होऊ शकतं. अशा पक्ष्याला नुसती खेळणी देऊन काय होणार?

मग आहार. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया म्हणजे भरपूर चरबी, पण जीवनसत्त्व ‘अ’ आणि कॅल्शियमचा दुष्काळ. ‘अ’ कमी पडलं की त्वचा कोरडी होते. आफ्रिकन ग्रेला तर कॅल्शियमची कमतरता इतरांपेक्षा लवकर भोवते. पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या), शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, लाल मिरची हे रोजचं खाणं हवं आणि बिया फक्त बक्षीस म्हणून. बदल मात्र काही आठवड्यांत, हळूहळू. एका दिवसात बिया बंद केल्या तर हट्टी पक्षी उपाशी राहतो.

[दृश्य: कागदाच्या पुडीतून दाणा काढणारा पोपट]

तरीही खरी मेख वेळेत आहे. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात, सोलण्यात घालवतो. पिंजऱ्यात वाटी समोर असते. तासाभरात काम संपतं आणि चोच रिकामी राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी नारिंगी पंखांच्या अॅमेझॉन पोपटांवर प्रयोग करून २००३ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना खाणं शोधावं लागत होतं आणि ज्यांच्या पिंजऱ्यात विविधता होती, त्यांची पिसं चांगली राहिली. साध्या पिंजऱ्यातल्यांची बिघडली; त्यांनाही नंतर त्याच सोयी दिल्यावर सुधारली.

घरी याला खर्च नाही. पेलेट्स कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधा, मक्याचं कणीस सालासकट द्या, करवंटीत दाणे ठेवून वर सुकी पानं भरा. सुरुवातीला पुडी अर्धी उघडी ठेवा, नाहीतर पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सुतळी टाळा, सुटलेले धागे बोटांना गुंडाळून रक्तपुरवठा तोडतात.

झोप दहा ते बारा तास, अंधारात. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असलेल्या हॉलमध्ये ती मिळत नाही. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी. एसीच्या कोरड्या हवेत अंग खाजतं, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा कोमट पाण्याचा बारीक फवारा, तोही सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पिसं वाळतात. खोबरेल, हळद, मलम यांतलं काहीही लावू नका. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब जाते आणि पक्षी ते चाटूनपुसून काढताना आणखी कुरतडतो. पिसं ओढताना ओरडणंही चूक, कारण त्याच्या लेखी ते लक्ष मिळणंच असतं.

जाता जाता: आपला हिरवा देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळताच येत नाही. त्याची पिसं झडत असतील तर वनविभागाला कळवायचं.

[दृश्य: डिजिटल काट्यावर उभा पक्षी]

वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी पिसाचं मूळच मरतं, तिथे पीस परत येत नाही. पक्षी कातडी फोडून मांसापर्यंत जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. चोच अंगापर्यंत पोचू नये म्हणून ते गळ्याला कॉलर घालतील. कॉलर फक्त जखम भरेपर्यंतच, तिने कारण जात नाही. कॉलर असताना खाणं अडतं, म्हणून रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्यायचं. साडेचारशे ग्रॅमचा पक्षी चारशे पाचवर आला, तर फोन करून थांबायचं नाही, पक्षी घेऊन निघायचं.