धाप लागते तेव्हा हृदयाकडेही बघा

श्रोतेहो, नमस्कार.

पर्वतीच्या पायऱ्या चढताना मध्येच कठड्याला टेकून थांबावं लागलं, की पुण्यात सहसा एकच उत्तर मिळतं: "वय झालं आता." पन्नाशीतल्या माणसाची धाप अशी वयावर ढकलून देऊ नये, यासाठी आजचं हे बोलणं आहे. वयानुसार फुप्फुसांची ताकद घटते हे खरंच. तिशीनंतर, धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदातली फुंक, म्हणजे जोरानं फुंकताना त्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, दरवर्षी साधारण २० ते ३० मिलिलिटरनं कमी होत जाते. पण तेवढ्यानं पन्नाशीत धाप लागत नाही. मग ती येते कुठून? कधी फुप्फुसातून, कधी हृदयातून, आणि पुष्कळदा दोन्हीकडून.

फुंक मोजणारं स्पायरोमीटर हे यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८४६ साली मांडलं. एका दमात एकूण किती हवा बाहेर पडली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे दोन आकडे त्यात महत्त्वाचे. पुढे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांची एकूण फुंक कमी, त्यांच्यात हृदयविकारानं होणारे मृत्यू जास्त. स्कॉटलंडमधल्या सुमारे १५ हजार स्त्री-पुरुषांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. पहिल्या सेकंदाची फुंक जितकी कमी तितका मृत्यूचा धोका अधिक, आणि आयुष्यात कधीही सिगारेट न ओढलेल्यांमध्येही तसंच. त्यामुळे हा सगळा तंबाखूचाच प्रताप, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

असं का होतं? सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारात श्वासनलिका अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. छाती फुगलेलीच राहते, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त नीट भरत नाही. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो; संध्याकाळी पावलं सुजतात ती कधी कधी यामुळेच. शिवाय फुप्फुसातला दाह तिथेच थांबत नाही, तो रक्तात उतरतो आणि धमन्यांमधले चरबीचे थर अस्थिर करतो.

उलटा रस्ताही आहे. हृदय अशक्त झालं की फुप्फुसात पाणी साचतं आणि फुंक घटते. म्हणून रिपोर्टमध्ये दोन आकड्यांचं गुणोत्तर, म्हणजे एकूण फुंकेतला पहिल्या सेकंदाचा वाटा, ठीक, पण एकूण फुंक कमी दिसली, तर नुसतं "दम्याचं काही नाही" ऐकून घरी येऊ नका. लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदय, तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता चाचणीबद्दल, कारण ती चुकीची झाली तर पुढचं सगळंच चुकतं. पुण्यात डॉक्टर "पीएफटी करून या" म्हणतात, ती फुप्फुसांच्या ताकदीची तपासणी हीच. आधी दोन तास भरपेट जेवू नका, तासभर विडी-सिगारेट नको, कपडे सैल असू द्या. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलचा पंप चार ते सहा तास आधी थांबवतात. दिवसातून एक-दोनदा घ्यायच्या पंपांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चाचणीसाठी परस्पर बंद करू नका. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅक आला असेल, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर ते आधी सांगा. चाचणी पुढे ढकलावी लागते.

ताठ बसायचं, नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट. छाती शिगोशीग भरायची आणि क्षणभरही न रेंगाळता, असेल नसेल तो जोर लावून फुंकायचं. फुंक निदान सहा सेकंद तरी चालू ठेवायची. बहुतेकजण इथेच चुकतात: सुरुवातीला जोर लावतात आणि तीन सेकंदांत सोडून देतात. मग एकूण फुंक खोटी कमी येते, गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं आणि आजार लपतो. पहिल्या सेकंदात खोकला आला, जीभ नळीच्या तोंडाशी आली किंवा ओठांतून हवा निसटली, तर तो प्रयत्न बाद. नीट झालेले तीन प्रयत्न हवेत आणि त्यातले सर्वांत चांगले दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हवेत. मग साल्बुटामॉलचे सहसा चार झोत स्पेसर या नळकांड्यातून देऊन १० ते १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीचा विचार करतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९७ टक्के आला म्हणून ही चाचणी टाळू नका. फुंक बरीच घटेपर्यंत तो आकडा चांगलाच दिसू शकतो.

आकडे कमी आले, तर त्याच आठवड्यात रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. पायांवर सूज असेल किंवा आडवं झाल्यावर धाप वाढत असेल, तर टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही. खेड-मुळशीकडे चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांनी तर हे जरूर करावं. विडी ओढली नाही म्हणून त्यांची फुंक कुणी मोजतच नाही. मिश्री लावत असतील तर तीही सोडा, तिच्यातला तंबाखू हृदयाला सोडत नाही. बंद खोलीत रात्रभर मच्छर कॉइलही लावू नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलचा सूक्ष्म धूर ७५ ते १३७ सिगारेटींइतका भरला होता. मच्छरदाणी बांधा.

एक गैरसमज फार नुकसान करतो: छातीचा विकार आहे म्हणून हृदयाचे ठोके आणि ताण कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी बंद करणं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांना चालतात. दमा असेल तर प्रश्न वेगळा, तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा. स्वतःहून एकदम बंद केली, तर छातीत दुखणं उसळू शकतं.

सगळ्यांत जपायचे दिवस म्हणजे छातीचा आजार उसळल्यानंतरचे. दिवाळीच्या धुरानंतर किंवा डिसेंबरच्या थंडीत खोकला-कफ वाढला, की पुढचे काही दिवस हार्ट अटॅकचा धोका नेहमीपेक्षा चढा असतो. म्हणून फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधीच घ्या. आणि त्या दिवसांत छाती आवळल्यासारखी वाटली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर "कफामुळे असेल" म्हणून पंपाचे झोत घेत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि डॉक्टर भेटताच पंप आणि हृदयाच्या गोळ्या, दोन्हींची नावं त्यांना दाखवा.