पाचवा लागला की पाचवा सरला?

पत्रिकेवर विषय छापलाय 'चौथ्या ते सातव्या महिन्यातलं बाळ आणि आई'. तिथे येतेच, पण आधी या 'महिना' शब्दाचा निकाल लावू द्या.

कितवा चाललाय, असं विचारलं की सून म्हणते पाचवा, सासूबाई म्हणतात चौथा. हसू नका, दोघीही बरोबर आहेत. एकीने शेवटच्या पाळीपासून मोजलं, दुसरीने पाळी चुकली तिथून. समजा, शेवटची पाळी 10 जूनला आली. पहिल्या हिशोबाने पाचवा 10 ऑक्टोबरला लागतो नि 9 नोव्हेंबरला सरतो, म्हणजे साधारण साडेसतरा ते पावणेबावीस आठवडे. दुसऱ्या हिशोबाने तोच 'पाचवा' जातो 9 डिसेंबरपर्यंत, सव्वीस आठवड्यांवर!

आता बाळाचे अवयव बघण्याची सोनोग्राफी करायची 18 ते 20 आठवड्यांत. हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडं तेव्हा नीट दिसतात. काही शंका आली तर दुसरं मत घ्यायला, पुढच्या तपासण्यांना दिवस लागतात. आणि गर्भपाताच्या कायद्यातले टप्पे आठवड्यांचे आहेत. 2021च्या दुरुस्तीनंतर 20पर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, 20 ते 24मध्ये ठरावीक कारणांसाठीच आणि दोघांचं लागतं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. 'पाचव्यात करू सोनोग्राफी' म्हणत बसलेल्या घराच्या हातून हे दिवस निसटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपलं 'नऊ महिने नऊ दिवस' मात्र खोटं नाही हं. डॉक्टर पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात. 10 जूनची तारीख 17 मार्च येते. दोनच दिवसांचा फरक! पण तो जुळतो पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तरच. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर बाळ. विसाव्या आठवड्यात सुमारे 300 ग्रॅम, अठ्ठाविसाव्यात किलोभर. पहिलटकरणीला हालचाल 18 ते 20 आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर उशिरा. 24पर्यंत काहीच जाणवलं नाही तर दाखवायचं.

आई. रक्तातलं पाणी जवळजवळ दीडपट होतं, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. तरी 11च्या खाली गेलं तर उपचार हवेतच. चौथ्यापासून लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा, जेवणानंतर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, मध्ये दोन तास सोडा; लोहाच्या गोळीवर चहा-दूधही नको. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, त्याने बाळ काळं होत नाही. 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासा. 140 किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह. उठताना जांघेत चमक येते ती गर्भाशयाचे बंध ताणले जातात म्हणून. कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठा. पण अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.