सुकतीच्या वेळी, कार्टर रोडच्या खडकांवर

(दृश्य : पहाट. रस्त्यावरचे दिवे अजून चालू. पाणी लांब गेलेलं. काळे, ओले खडक.)

पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत. उधाणाचे दिवस आहेत, म्हणजे भरतीचं पाणी जेवढं वर चढतं तेवढंच सुकतीला खोल मागे जातं. मुंबईत याचा हिशेब सोपा आहे. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते आणि सुकती सहाच्या आसपास, सकाळीही आणि संध्याकाळीही. मग रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जायचं. आज सातच्या पुढे-मागे पाणी सगळ्यात खाली असेल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-सुकतीतला फरक कमी असतो तेव्हा आलात तर खालचे खडक पाण्यातच राहतात, काही दिसत नाही.

वर कार्टर रोडवर माणसं चालायला आली आहेत. त्यांच्या आणि या खडकांच्या मध्ये फक्त एक कठडा. आपण खाली उतरतोय. पायात पकड असलेले बूट हवेत आणि नजर जमिनीवर.

पहिली वीस-पंचवीस पावलं काहीच दिसणार नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, चपलेचे तुकडे, सुकलेलं निर्माल्य. पुष्कळ जण इथूनच मागे फिरतात आणि मुंबईच्या समुद्रात आता काही उरलं नाही, असं सांगतात. थोडं पुढे चला.

(दृश्य : खडकावर बसून कालवं काढणारी कोळीण. हातात टोकदार लोखंडी हत्यार, शेजारी डबा.)

खारदांड्याच्या एक मावशी कालवं काढत बसल्या आहेत. मान वर न करता त्या म्हणतात, "त्यावर पाय नको देऊ गो बाय, सटकशील."

'त्यावर' म्हणजे माझ्या पायापुढचा हिरवट-तपकिरी गालिचा. मला ते शेवाळ वाटलं होतं. गुडघे टेकून पाहिलं तर शर्टाच्या बटणांएवढे गोल गोल जीव, एकाला एक चिकटून, शेकड्यांनी. पाणी गेलंय म्हणून सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली आहेत. खडकातल्या एका खळग्यात थोडं पाणी उरलंय, तिथले मात्र उघडे आहेत. मध्ये हिरवी तबकडी आणि कडेनं बारीक झालर. या जिवांना झोअँथिड म्हणतात. मराठीत त्यांना रुळलेलं नाव नाही. मावशी त्यांना ओळखतात ते घसरण्याची जागा म्हणून, आणि ती ओळख खडकावर पोट असणाऱ्या बाईच्या रोजच्या कामाची आहे.

झोअँथिड, समुद्रफुलं (म्हणजे सी ॲनिमनी) आणि प्रवाळ ही एकाच कुळातली भावंडं. शरीराची घडण अगदी साधी : एक पिशवी, तिला एकच तोंड, तोंडाभोवती शुंडकांचं, म्हणजे सोंडेसारख्या लवचिक हातांचं कडं. अन्न त्या तोंडातूनच आत जातं आणि चोथाही तिथूनच बाहेर पडतो. मेंदू नाही. जेलीफिश याच मोठ्या घराण्यातला, पण तो पोहत निघून गेला आणि ही मंडळी बसली. समुद्रफूल एकट्यानं राहतं. झोअँथिड शेजार धरून वसाहत करतात. आणि दगडी प्रवाळ स्वतःखाली चुन्याची बैठक रचत जातो. समुद्रफुलांच्याच हजारावर जाती आहेत.

जागा सोडून पळता येत नाही, मग शिकार कशी करायची? प्रत्येक शुंडकावर दंशपेशी असतात. पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. स्पर्श झाला की धागा झटक्यात उलटा होऊन बाहेर येतो आणि भक्ष्यात घुसतो. हायड्रा या त्यांच्या गोड्या पाण्यातल्या चुलतभावावर हा वेग मोजला गेलाय. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्याही आत काम होतं. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती करणारा जीव वर्षानुवर्षं एका खळग्यात बसलेला.

म्हणून इथं काही हाताळायचं नाही. काही झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. 1971 साली ते हवाईमधल्या अशाच गालिच्यातून वेगळं केलं गेलं. निसर्गात सापडलेल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. हाताला जखम असेल तर विशेष सांभाळा.

विषाचा विषय निघालाय तर एक गोष्ट इथेच सांगते. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रफुलाच्या विषावर काम करत होते. अपेक्षा अशी, की थोडं थोडं विष टोचलं तर कुत्र्यांना त्याची सवय होईल. घडलं उलटंच. पहिल्या मात्रेतून सावरलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी कमी विष दिलं आणि तो काही मिनिटांत गेला. शरीराचं संरक्षणच शरीरावर उलटलं होतं. 1902 मध्ये त्यांनी याला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि 1913 मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. आज शेंगदाणा किंवा कोळंबी खाऊन कुणाचा घसा सुजतो आणि डॉक्टर धावत इंजेक्शन देतात, त्या सगळ्या समजुतीच्या मुळाशी एक समुद्रफूल आहे.

(दृश्य : खडकातला खळगा, अगदी जवळून. पाणी स्थिर. तळाशी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा.)

हा माझ्या ओळखीचा खळगा. दोन वर्षं मी इथे येतेय. बघा, तळाशी शिंपल्यांच्या चुऱ्याचा एक छोटासा ढीग दिसतोय. दहा रुपयांच्या नाण्याएवढा. हा ढीग म्हणजेच समुद्रफूल. अंगावरच्या चिकट फोडांनी त्यानं कपच्या आणि वाळूचे कण पांघरून घेतलेत. ऊन चढलं की या पांघरुणामुळे अंगातलं पाणी टिकतं. शुंडकं आत ओढलेली, तोंड मिटलेलं. इथल्या खडकावर मे महिन्यात पाय ठेववत नाही आणि जुलैत वरून गोडं पाणी कोसळतं. दोन्ही ऋतू ते असं मिटून काढतं.

असं किती वर्षं काढता येतं? एडिंबरोच्या सर जॉन ग्रॅहम डॅलियल यांनी 1828 साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणून काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलियल वारले, बरणी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, पाणी बदललं जात राहिलं. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणू लागले, म्हणजे आजी. त्या आजीला शेकड्यांनी पिल्लं झाली. ती गेली 1887 साली. एकोणसाठ वर्षं, एका बरणीत! माझ्या खळग्यातल्या या जिवाचं वय सांगायला काहीच साधन नाही. झाडासारखी वर्तुळं नाहीत, हाडं नाहीत. कदाचित तो माझ्याहून मोठा असेल.

(दृश्य : जुन्या पोवळ्यांची माळ, एका म्हाताऱ्या हातात.)

आता पोवळं. हा शब्द आपल्या घरात आहे. अनामिकेतली मंगळाची अंगठी, आजीच्या गळ्यातली माळ, वैद्यांकडची प्रवाळ पिष्टी. संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळंही आणि कोवळी पालवीही. फांद्या फुटलेलं लाल पोवळं पाहिलं की हा शब्द का जुळला ते कळतं. हे दागिन्याचं पोवळं मात्र आपल्या समुद्रातलं नव्हे, ते भूमध्य समुद्रातलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळं आहे. त्याच नोंदींत पुढे सोपारा आणि कल्याणचीही नावं येतात. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, रोमच्या बायका मोत्यांना जेवढं मानतात तेवढं हिंदुस्थानातली माणसं पोवळ्याला मानतात.

पण पोवळं म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. 1706 मध्ये इटलीच्या मार्सिली यांनी समुद्रातून ताजं काढलेलं पोवळं पाण्याच्या भांड्यात ठेवलं. थोड्या वेळानं त्यावर बारीक पांढरी फुलं उमलली, प्रत्येकाला आठ पाकळ्या. झालं, पोवळं ही वनस्पतीच, असा निर्वाळा मिळाला. पुढे 1720 च्या दशकात मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टरानं तीच फुलं पाहिली आणि सांगितलं, हे फूल नाही, हा प्राणी आहे. पॅरिसच्या विद्वानांना ते पटेना. त्यांच्यातल्याच रेओम्युर यांनी तर तिथल्या विज्ञान अकादमीत हा विचार मांडताना पेसोनेलचं नावच घेतलं नाही, त्याचं हसं होऊ नये म्हणून! मला पेसोनेलचं फार वाटतं. पाहिलं ते सगळ्यांनी सारखंच, पण फुलाच्या हालचालीकडे तो अधिक वेळ बघत राहिला.

त्या आठ पाकळ्या म्हणजे आठ शुंडकं होती. पोवळं, समुद्रपंखे, मऊ प्रवाळ या शाखेत शुंडकं आठच, आणि प्रत्येकाला पिसासारख्या बाजूच्या शाखा. समुद्रफुलं आणि दगडी प्रवाळ यांचा हिशेब बहुधा सहाच्या पटीत चालतो. काळे प्रवाळही सहावाल्यांतलेच. हवाईजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय 4,265 वर्षं निघालंय.

(दृश्य : हाजी अली. सुकतीमुळे दर्ग्याची वाट मोकळी. खडकाच्या पोटाखाली टॉर्चचा उजेड.)

प्रवाळ म्हटलं की डोळ्यापुढे येतं लक्षद्वीप किंवा अंदमान : काचेसारखं पाणी, रंगीत मासे. तिथल्या प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला वाटा देतं. प्रवाळाची बरीचशी भूक त्यावरच भागते. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. 2024 च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या अशा चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची, घोषणा झाली.

मुंबईचं पाणी गढूळ. खाड्यांतून गाळ येतो, ऊन खोल पोचत नाही. तरीही इथे प्रवाळ आहेत. ते मोठे खडक उभारत नाहीत. हाजी अली, वरळी, कुलाबा इथल्या खडकांच्या सावलीतल्या बाजूला, कपारीत, बोटाच्या टोकाएवढ्या चुनखडी वाट्या चिकटलेल्या असतात. प्रत्येक वाटीत आतल्या बाजूनं उभ्या पात्या, चक्राच्या आऱ्यांसारख्या. हे वाटी-प्रवाळ, ऱ्हायझँजिडी कुळातले. यातले बरेचसे शैवालाच्या भरवशावर राहत नाहीत, वाहत येईल ते पकडून खातात. उन्हाची गरज नाही म्हणून काळोख चालतो.

समुद्रात भराव टाकून किनारी रस्त्याचं (कोस्टल रोडचं) काम निघालं तेव्हा यांची मोजणी झाली. भारतात दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्याच यादीत. त्यामुळे वनखात्याची परवानगी लागली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हाजी अली आणि वरळीच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. नेल्या हे चांगलंच झालं. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच : खाली उतरून कुणी पाहिलं नसतं, तर त्या जागी नकाशावर नुसता निळा रंग होता. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी सामान्य मुंबईकरांना ओहोटीच्या वेळी खडकांवर घेऊन जातात, दिसेल त्याचा फोटो आणि जागा नोंदवतात. गालिच्यासारखे झोअँथिड उचलून नेण्याचा तर विचारही कुणी केला नाही. त्यांना कायद्याची यादी नाही. भरावाखाली त्यातले किती गेले, याची मोजदाद माझ्या पाहण्यात नाही.

(दृश्य : पुन्हा कार्टर रोड. ऊन चढतंय. पाणी वळलंय.)

पावणेनऊ. मावशींचा डबा निम्मा भरलाय आणि त्या उठल्या आहेत. त्यांना मी खळगा दाखवते. त्या वाकून बघतात. "हां, हे. बोट लावलं की आत घेतं अंग. आम्ही लहान होतो तेव्हा काडी लावायचो." मग कमरेवर हात ठेवून म्हणतात, "पलीकडच्या खडकावर याच्याहून मोठाली होती. आता आहेत काय, बगायला पायजे."

पहिली लाट खळग्याच्या कडेपर्यंत येऊन परत जाते. तिसरी आत उतरते. शिंपल्यांचा ढीग थोडा हलतो, मधोमध फट पडते. तपकिरी, पांढरे पट्टे असलेलं एक शुंडक बाहेर येतं, मग बाजूची दोन. मावशी पदर खोचून पलीकडच्या खडकाकडे निघाल्या आहेत. पाणी घोट्यापर्यंत आलंय. मी त्यांच्या मागून जातेय, त्यांनी पाय ठेवला तिथेच पाय ठेवत.